दहा गुणिले दहा: वजन हलकं, तरी पाय का लटपटतात?

स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांचे १० सेट, प्रत्येक सेटमध्ये १० रेप्स (म्हणजे सलग १० बैठका), दोन सेटच्या मधे ६० ते ९० सेकंद आराम, आणि बारवर वजन किती, तर तुम्ही जेमतेम एकदा उचलू शकता त्या वजनाच्या साधारण ६० टक्के. एवढाच वर्कआउट. कागदावर वाचलं की लोक म्हणतात ह्यात काय विशेष, १०० किलो मारणाऱ्याला ६० किलो म्हणजे वॉर्मअपच की. आणि पहिले तीन सेट खरंच तसेच जातात, त्यामुळे माणूस आणखी हुरळतो, वाटतं जरा वजन चढवूया का. सहाव्या सेटनंतर तोच माणूस रॅकला (बार ठेवायच्या स्टँडला) धरून उभा असतो आणि ९० सेकंद एवढ्यात संपले कसे ह्याचा हिशोब लावत असतो.

जिममध्ये ह्याला जर्मन व्हॉल्यूम ट्रेनिंग किंवा नुसतं टेन बाय टेन म्हणतात. व्हॉल्यूम म्हणजे एकूण केलेलं काम, सेट गुणिले रेप्स गुणिले वजन. ६० किलो १०० वेळा म्हणजे ६००० किलो, सहा टन, आणि तेही एकाच व्यायामात. नेहमीसारखे ३ सेट केले असते तर तेच १८०० किलो झालं असतं. आता वेळेचा हिशोब बघा, कारण गंमत तिथेच आहे. ह्या पद्धतीत खाली जायला ४ सेकंद आणि वर यायला २ सेकंद असा टेम्पो सांगतात, म्हणजे एक रेप ६ सेकंदांचा, एक सेट मिनिटभराचा, १० सेट १० मिनिटांचे, आणि मधले ९ आराम प्रत्येकी ९० सेकंदांचे धरले तरी साडेतेरा मिनिटं. सगळं प्रकरण २४ मिनिटांच्या आत आटोपतं! म्हणजे हा वर्कआउट लांबतो म्हणून जीव काढत नाही, काम फार दाटीनं भरलंय म्हणून काढतो. हेच १० सेट मधे पाच-पाच मिनिटं आराम घेऊन केले तर कंटाळा येईल, घाम येईल, पण ती अवस्था येणार नाही.

थोडा इतिहास, कारण तो ऐकून मला स्वतःला फार मजा वाटली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात थॉमस डिलॉर्म नावाचा डॉक्टर होता. लहान वयात संधिवाताच्या तापातून उठल्यावर वजनं उचलून त्याने स्वतःची तब्येत कमावली होती, त्यामुळे गुडघा वगैरे जायबंदी झालेल्या सैनिकांना त्याने हळुवार व्यायामाऐवजी चक्क जड वजन द्यायला सुरुवात केली, आणि १९४५ मध्ये ती पद्धत छापली. त्यात किती रेप्स होत्या? सत्तर ते शंभर, दहा-दहाच्या सेटमध्ये. म्हणजे टेन बाय टेनच झालं जवळजवळ. पण पुढच्या तीनच वर्षांत, १९४८ मध्ये, त्यानेच सांगितलं की एवढं नको, २० ते ३० रेप्स पुरतात, आणि आज जगभरच्या जिममध्ये पहिल्या दिवशी जे "तीन सेट, दहा-दहा" सांगतात त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे ज्याने शंभर रेप्सनी सुरुवात केली त्यानेच त्या कमी केल्या, आणि नंतरच्या लोकांनी त्या परत वाढवल्या.

त्या परत वाढवणाऱ्यांत जर्मन नाव का आलं, तर १९७० च्या दशकात जर्मनीच्या वेटलिफ्टिंग टीमचे कोच रोल्फ फेझर ह्यांना श्रेय दिलं जातं, स्पर्धा नसलेल्या महिन्यांत लिफ्टर्सचं अंग भरावं म्हणून ते हे करून घ्यायचे असं सांगतात. कॅनडाचा जाक देमेर्स, ज्याने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ७५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं, त्याच्या मांड्यांचं श्रेयही ह्याच पद्धतीला देतात. अमेरिकेत विन्स गिरोंडा नावाचा बॉडीबिल्डिंग ट्रेनर आपला आठ बाय आठ (८ सेट, ८ रेप्स) घेऊन बसला होता, तोही आराम इतका कमी द्यायचा की लोक वैतागायचे. आणि १९९० च्या दशकात चार्ल्स पोलिक्विन नावाच्या कॅनेडियन कोचने ह्याच्यावर लिहिलं तेव्हा हे सगळीकडे पसरलं. पण लक्षात घ्या की ही लोकं आधीच वर्षानुवर्षं वजन उचलणारी होती, आणि हे करायची ती वर्षातले काही आठवडेच.

आता मुद्द्याचं. हलकं वजन एवढं जड का होतं?

स्नायू आकसायला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते, आणि एटीपीचा साठा फार म्हणजे फारच थोडा असतो, दोन-तीन सेकंदांपुरता. तो सतत भरत राहावा लागतो. सगळ्यात झटपट भरतो तो क्रिएटिन फॉस्फेट ह्या स्नायूतल्याच दुसऱ्या साठ्यातून, पण जोर लावून काम केलं तर तेही दहा-एक सेकंदांत बरंचसं संपतं. आणि ते परत जमायला वेळ लागतो, अर्धं अर्ध्या मिनिटात येतं पण पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. गच्चीवरच्या टाकीला बारीक नळ जोडलाय आणि ती अर्धी भरली न भरली की खालचा मोठा नळ कुणीतरी पूर्ण सोडतंय, असं दहा वेळा करून बघा काय होतं. पहिल्या सेटला टाकी काठोकाठ, दुसऱ्याला थोडी कमी, सातव्याला तळ दिसतोय. म्हणून सगळा खेळ आरामाच्या सेकंदांवर आहे.

टाकी रिकामी झाली की शरीर ग्लायकोजेन जाळायला घेतं, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, आणि तेही ऑक्सिजनची वाट न बघता. काम होतं पण मागे कचरा साचतो. इथे सगळे लॅक्टिक ॲसिडला शिव्या घालतात, आणि बिचाऱ्यावर खरंच अन्याय होतो. लॅक्टेट हे उलट इंधन आहे, हृदय आणि दुसरे स्नायू ते आनंदाने वापरतात. जळजळीच्या वेळी जे साचतं त्यात हायड्रोजन आयन असतात, ज्यांनी स्नायू आम्लधर्मी होतो, आणि त्याहून त्रासदायक म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट मोडल्यावर सुटलेलं फॉस्फेट. स्नायू आकसतो तो कॅल्शियम सुटल्यावर, आणि हे फॉस्फेट त्या कॅल्शियमच्या कामातच खोडा घालतं. म्हणजे मेंदूचा हुकूम पोचतोय, एटीपीही अगदी शून्यावर गेलेलं नाहीये, पण आतली यंत्रणा तेवढ्या जोरात पकडच घेत नाही. तुम्ही म्हणता "पायात जीवच नाही", आणि ते बऱ्यापैकी खरंच असतं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते ह्या वर्कआउटचं खरं मर्म. एक नस आणि ती ज्या तंतूंना हुकूम देते ते तंतू, ह्यांना मिळून मोटर युनिट म्हणतात. काही युनिट छोटी, कमी ताकदीची पण न थकणारी, काही मोठी, दणकट पण लवकर दमणारी. एल्वुड हेनेमन ह्या शास्त्रज्ञाने दाखवलं की शरीर त्यांना ठरलेल्या क्रमाने बोलावतं, आधी छोटी आणि गरज पडली तरच मोठी. ६० टक्के वजनाला पहिल्या सेटमध्ये सगळ्यात मोठ्यांची गरजच नसते, ती आरामात बसलेली असतात. पण आधीची दमत गेली की तेच ६० किलो उचलायला पुढची पुढची कामाला लागतात, आणि सातव्या-आठव्या सेटपर्यंत जवळजवळ सगळ्यांना उठावंच लागतं. स्नायू वाढवायला हेच हवं असतं की मोठ्या तंतूंवरही ताण यावा. म्हणजे पहिले पाच सेट ही बरीचशी तयारी आणि पुढचे पाच ही मजुरी, असं ढोबळ म्हणायला हरकत नाही.

पण तुम्ही विचाराल, की मग तो ताण मिळवायला आधी पाच सेट दमायची गरज काय, वजन थोडं जास्त घेऊन चार सेटमध्ये तिथे पोचता येणार नाही का? येतं. ह्यावर नंतर बोलतो.

त्याआधी श्वास. स्क्वॉटमध्ये मांड्या, कुल्हे, पाठ, पोट सगळं एकदम कामाला लागतं, एवढा मोठा स्नायूंचा जथा ऑक्सिजन मागायला लागला की हृदयाची धावपळ होते, आणि म्हणून पाचव्या सेटनंतर बऱ्याच जणांचे पाय थांबायच्या आधी छातीचा भाता थांबतो. त्यात वजन घेऊन खाली जाताना आपण श्वास धरतो, पाठीचा कणा घट्ट राहावा म्हणून, आणि ते बरोबरच आहे, पण रक्तदाब त्या क्षणी गगनाला भिडतो. १९८५ मध्ये कॅनडात काही बॉडीबिल्डर्सच्या रक्तवाहिनीत थेट नळी घालून मोजलं होतं, दोन्ही पायांच्या लेगप्रेसमध्ये (मशीनवर पायांनी वजन ढकलताना) सरासरी ३२० वर २५० पर्यंत गेला, एकाचा तर ४८० वर ३५०. हे आकडे काही सेकंदांचे असतात, निरोगी माणसाला ते झेपतात, पण ज्याला आधीच ब्लडप्रेशरचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घेऊ नये, आणि बाकीच्यांनीही दहाच्या दहा रेप्स एका श्वासात मारू नयेत, वर आलात की सोडा, नवीन घ्या.

प्रत्यक्षात होतं कसं ते सांगतो. एक ते तीन, मजा. चौथ्याला पहिल्यांदा जाणवतं की आराम कमी पडतोय. पाचव्या-सहाव्याला टेम्पो घसरतो, खाली जायचे ४ सेकंद गुपचूप २ होतात, आणि इथेच बहुतेकांचा वर्कआउट मोडतो पण त्यांना कळत नाही कारण रेप्स तर दहा भरतायत. सातवा सगळ्यात घाणेरडा, कारण अजून तीन बाकी आहेत हे डोक्यातून जात नाही. आठव्याला गुडघे आत पडायला लागतात, कंबर पुढे झुकते, मळमळतं. ही मळमळ येते कारण रक्त पोटाकडून कामाच्या स्नायूंकडे वळलेलं असतं आणि रक्तातलं आम्लही वाढलेलं असतं, म्हणून पोट भरून ह्याला जाऊ नये, शेवटचं जेवण दोन-तीन तास आधी. दहावा कसा गेला हे विचारलं तर अनेकांना नीट सांगताच येत नाही.

तर आता तो मघाचा प्रश्न, कमी सेटमध्ये भागत असेल तर एवढं करून जास्तीचं मिळतं काय.

२०१७ मध्ये ह्याच पद्धतीवर एक अभ्यास छापून आला. १९ पुरुष, ६ आठवडे, मुख्य व्यायामांत एका गटाला १० सेट आणि दुसऱ्याला ५ सेट. गट छोटा आहे, त्यामुळे ह्यावर आयुष्य ओवाळून टाकायची गरज नाही, पण निकाल मजेदार आहे. बेंचप्रेस (छातीचा व्यायाम) आणि लॅट पुलडाउन (पाठीचा) ह्यांतली ताकद ५ सेटवाल्यांची जास्त वाढली, आणि स्नायूंच्या बाबतीतही १० सेटवाले पुढे गेले नाहीत. दुप्पट घाम गाळून पदरात जास्तीचं काहीच पडलं नाही. आणि हे इतर माहितीशीही जुळतं, एका स्नायूसाठी आठवड्याचे सेट वाढवत नेले की फायदा वाढतो, पण प्रत्येक पुढच्या सेटचा फायदा आधीच्यापेक्षा कमी, आणि एकाच बैठकीत सगळे कोंबले तर शेवटचे काही सेट नुसते थकवाच जमा करतात. डिलॉर्मला १९४८ मध्ये जे उमगलं होतं, तिथेच आपण फिरून आलो.

म्हणून माझं स्पष्ट मत, टेन बाय टेन हा स्नायू वाढवायचा सगळ्यात चांगला रस्ता नाहीये. तो एक कठीण रस्ता आहे जो तिथे पोचतो. तरी लोक करतात आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. बारवर फार वजन नसल्याने सांध्यांवर एका वेळी येणारा भार कमी राहतो, शंभर वेळा तीच हालचाल केल्याने फॉर्म, म्हणजे हालचालीची योग्य पद्धत, गळी उतरतो (नीट केली तर, नाहीतर चुकीचा उतरतो), वेळ कमी लागतो, आणि दमल्यावर आपण कसे वागतो हे कळतं. ज्यांना नुसती ताकद वाढवायचीय त्यांच्यासाठी वेगळी माणसं वेगळा छळ घेऊन बसलीयत, उदाहरणार्थ रशियन स्मोलोव्ह प्रोग्रॅम, त्याच्या मूळ टप्प्यात आठवड्याला चार दिवस स्क्वॉट, ७० टक्क्यांवर ४ सेट ९ चे, ७५ वर ५ सेट ७ चे, ८० वर ७ सेट ५ चे आणि ८५ वर १० सेट ३ चे, मिळून १३६ रेप्स, आणि पुढच्या आठवड्यात वजन आणखी वर. तिथे रेप्स चार दिवसांत वाटलेल्या आहेत पण वजन जड, इथे वजन हलकं पण शंभर एका दमात. दोन्ही एकत्र करायचा विचारही करू नका, असे महाभाग असतात म्हणून सांगतोय.

दुसऱ्या दिवशी काय होतं? खरं तर दुसऱ्या दिवशी एवढं नाही, ४८ तासांच्या आसपास कळस. जिना उतरताना रडू येतं, चढताना तेवढं नाही, ह्याला कारण आहे. वजन सांभाळत खाली जाताना स्नायू आकसलेला असतानाच ताणला जातो, आणि तंतूंना बारीक बारीक इजा होते ती जास्त करून ह्याच कामात. ४ सेकंद खाली जायचं गुणिले १०० म्हणजे ४०० सेकंद हेच चाललेलं. मग सूज येते, आजूबाजूच्या नसा हुळहुळ्या होतात. हे लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे, ते तर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. चांगली बातमी ही की तोच वर्कआउट आठवड्याने परत केला तर दुखणं बरंच कमी होतं, शरीर पहिल्या माराने शहाणं होतं, आणि हा शहाणपणा काही आठवडे टिकतो. वाईट बातमी ही की मोठा खंड पडला की तो हळूहळू विरतो, आणि धोका तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेतली आयोवा युनिव्हर्सिटीची घटना ह्या बाबतीत सगळ्यांनी वाचावी अशी आहे. जानेवारी २०११, तिथल्या फुटबॉल टीमची पोरं सुमारे तीन आठवड्यांच्या सुट्टीवरून परतली होती, आणि त्यांना कमाल वजनाच्या ५० टक्क्यांवर १०० स्क्वॉट दिले गेले, घड्याळ लावून. ५० टक्के, म्हणजे आपल्या ६० पेक्षाही हलकं. १३ खेळाडू हॉस्पिटलात भरती झाले. तगडी, तरुण, कसलेली पोरं. त्यांना झालं होतं रॅब्डोमायोलिसिस, जिमवाले नुसतं रॅब्डो म्हणतात.

रॅब्डो म्हणजे स्नायूंचे तंतू इतके फुटतात की आतला माल रक्तात सांडतो. त्यात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, ते मूत्रपिंडात अडकून त्याचं काम बंद पाडू शकतं, आणि पोटॅशियम असतं जे वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ह्याचं सगळ्यात गाजलेलं जुनं वर्णन व्यायामातून आलेलंच नाही, १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या लोकांच्या बाबतीत बायवॉटर्स आणि बील ह्या डॉक्टरांनी ते लिहिलं. भिंत पडून स्नायू चिरडला जाणं आणि आपल्याच हौसेने तो फोडून घेणं, शेवट एकच होऊ शकतो. साध्या दुखण्यापासून हे ओळखायचं कसं, तर लघवी गडद तपकिरी किंवा काळपट झाली, मांडी दगडासारखी सुजली, दुखणं दिवसेंदिवस वाढतच चाललंय किंवा पायात ताकदच राहिली नाही, ह्यातलं काहीही झालं तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तिथे व्यायाम काय केला हे नीट सांगायचं. रक्तात क्रिएटिन कायनेज (फुटलेल्या स्नायूंतून सांडणारं एंझाइम) तपासतात, सलाइनने भरपूर पाणी देतात, आणि लवकर गेलात तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दुखतंय म्हणून स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र खाऊ नका, शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला आणखी जड जातात. कडक ऊन, नुकताच येऊन गेलेला ताप, सिकलसेलचा वाहक असणं, ह्या सगळ्यांनी धोका वाढतो.

एवढं ऐकूनही करायचंच असेल (आणि वाचणाऱ्यांतले निम्मे करणारच), तर निदान असं करा. किमान वर्षभर नियमित स्क्वॉट झालेला असू द्या. वजन ६० टक्क्यांचं, किंवा जे तुम्ही दमेपर्यंत २० वेळा उचलू शकाल ते, आणि शंका असेल तर त्याहून ५ किलो कमी. ते लाज वाटावी इतकं हलकं वाटेल, वाटू द्या. पहिल्या आठवड्यात ४ सेट, मग ६, मग ८, आणि चौथ्यात १०, म्हणजे आधी बोललो तो शहाणपणा हप्त्याहप्त्याने येतो. रॅकमधल्या सेफ्टी पिन (बार खाली आला तर अडवणारे आडवे दांडे) बरोबर उंचीवर लावा, कारण आठव्या सेटला खाली अडकायची शक्यता खरी असते. डेडलिफ्ट ह्या पद्धतीने करू नका असं मी सांगेन, दमलेली कंबर आणि जमिनीवरून उचलायचा बार हे गणित मला पटत नाही. फॉर्म मोडला की सेट तिथेच संपला, मग सहा रेप्स झालेल्या असोत. पायांचा असा दिवस चार-पाच दिवसांतून एकदाच, आणि त्या दिवशी पायांचं बाकी फार काही नको. झोप पूर्ण, प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या वर, आणि कार्बोहायड्रेट्सना घाबरू नका, जाळलेलं ग्लायकोजेन त्यातूनच भरतं.

दहाच्या दहा सेटमध्ये दहा-दहा रेप्स स्वच्छ निघाल्या तरच पुढच्या वेळी वजन ४-५ टक्क्यांनी वाढवा. सातव्यात ९, आठव्यात ८ अशी गळती झाली तर तेच वजन परत. असं फार तर सहा आठवडे, मग दोन-तीन आठवडे कमी सेट आणि जरा जड वजनावर जा. आणि मधे आजारपणाने किंवा प्रवासाने दोन-तीन आठवडे गेले असतील तर जिथे सोडलं होतं तिथून नाही, परत ४ सेटपासून.